दर आठवड्याला एक तास

 

आजचा भाग थोडा वेगळा आहे. आज पाहुणे नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. मागच्या भागानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, की मूल लहान असताना नेमकं काय केलं म्हणजे त्याचा विकास चांगला होतो? कुठली खेळणी घ्यायची, कुठल्या वर्गाला घालायचं, फ्लॅशकार्ड दाखवायची का? त्याचं उत्तर द्यायला मी आज तुम्हाला जमैकाला घेऊन जाणार आहे. आणि मग माझ्या स्वतःच्या घरात. दुसरं जरा अवघड जाणार आहे मला, पण बघू.

तर जमैका. कॅरिबियन समुद्रातला छोटासा देश, किंग्स्टन ही राजधानी. १९८६-८७ साली तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास सुरू केला. त्यांनी १२९ मुलं निवडली. वय ९ महिने ते २ वर्षं, आणि सगळी खुरटलेली. खुरटलेली म्हणजे वयाच्या मानाने उंची फार कमी असलेली. बराच काळ पोषण कमी पडलं की असं होतं.

या मुलांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुधाची पावडर. दुसऱ्या गटाच्या घरी दर आठवड्याला एक तास एक आरोग्यसेविका जायची. तिसऱ्या गटाला दोन्ही. चौथ्याला यातलं काहीच नाही. असं दोन वर्षं चाललं.

आता त्या एका तासात काय व्हायचं, ते नीट ऐका. सेविका पिशवीतून खेळणी काढायची. विकतची नाहीत हं. प्लास्टिकच्या बाटल्या, झाकणं, खोकी यांपासून बनवलेली, शिवाय हाताने तयार केलेली चित्रांची पुस्तकं. ती बाळाशी थोडं खेळून दाखवायची आणि मग आईला म्हणायची, आता तुम्ही. आई खेळायची, सेविका बघायची, आईचं कौतुक करायची. खेळणं घरी ठेवून जायची, पुढच्या आठवड्यात ते बदलून दुसरं द्यायची. बस, एवढंच! या सेविका मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. त्याच समाजातल्या, बेताचं शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या.

दोन वर्षांनी दुधाचाही फायदा दिसला आणि भेटींचाही. पण खरी गंमत पुढे आहे. ही मुलं २२ वर्षांची झाली तेव्हा संशोधकांनी त्यांना पुन्हा शोधून काढलं. १२९ पैकी १०५ जण सापडले. तोवर दुधाचा वेगळा असा परिणाम उरलेला नव्हता. ज्यांच्या घरी ती सेविका जायची, त्यांच्यात मात्र फरक दिसत होता. बुद्धिमापन चाचणीत ते पुढे होते आणि हिंसक वागणं कमी होतं. त्यांची कमाई भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. शेजारची जी मुलं कधी खुरटलीच नव्हती, त्यांच्या कमाईच्या बरोबरीला ही आली होती. २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

आता लगेच कुणी 'म्हणजे अन्न महत्त्वाचं नाही' असा अर्थ काढू नका. भुकेल्या मुलाला आधी जेवायलाच द्यायला हवं. आणि मुलं १२९च होती, तीही एका शहरातली. पण नंतर हाच कार्यक्रम कितीतरी देशांत करून बघितला गेला. आपल्याकडे ओडिशात, कटकच्या झोपडपट्ट्यांमध्येही झाला आणि तिथेही मुलांच्या आकलनात फरक दिसला.

हे सगळं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, चला, हे गरीब वस्त्यांसाठी आहे. आपला काय संबंध?

तर आता माझ्या घरात येते.

माझी लेक मार्च २०२२ची. आम्ही चिंचवडला राहतो, सातव्या मजल्यावर. नवऱ्याची शिफ्टची नोकरी. आई पाच महिने राहून गावी परत गेली, तिकडे बाबांची तब्येत. सासूबाई गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हत्या. दिवसभर घरात मी आणि ती. घरात खेळणी म्हणाल तर एक अख्खं कपाट भरलेलं.

ती सतरा महिन्यांची झाली तरी शब्द म्हणाल तर दोनच होते. खरं सांगायचं तर मीच दिवसच्या दिवस बोलत नव्हते. तिला भरवायचं, आंघोळ घालायची, झोपवायचं, सगळं वेळेवर. पण गप्प राहून. बोलायला काही सुचायचंच नाही. जेवताना तिच्यासमोर मोबाईल, आणि माझ्या हातात दुसरा. कुणी फोनवर विचारलं की 'सगळं मजेत' म्हणायचे.

ऑगस्टात एक दिवस बेल वाजली. दारात अंगणवाडीच्या सेविका ताई, हातात रजिस्टर. 'घरात सहा वर्षांखालचं कोणी आहे का?' आता सोसायटीतल्या बायका अशा वेळी करतात तेच मी केलं. दार अर्धवट उघडून म्हटलं, आम्हाला नको, आम्ही अंगणवाडीत पाठवणार नाही. त्या म्हणाल्या, 'पाठवू नका हो ताई, नाव तर लिहू द्या. पाणी मिळेल का जरा?'

पाणी पिता पिता त्यांनी लेकीकडे बघितलं. तिच्याकडे बघून हसल्या आणि थांबल्या. मला वाटलं, आता काही बोलतील. त्या नुसत्या थांबून राहिल्या. मग लेकीने हातातलं झाकण पुढे केलं. ताईंनी ते घेतलं, 'झाकण दिलंस मला?' म्हणाल्या आणि परत दिलं. तिने पुन्हा दिलं. असं पाच-सहा वेळा झालं. आणि मग मला विचारलं, 'बोलते का?'

मी रडायलाच लागले. अनोळखी बाईसमोर, दारातच.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हिचे कान तपासून घ्या, उगाच वाट बघत बसू नका. तेही सांगते हं सगळ्यांना, मूल बोलत नसेल तर 'मुलगे उशिराच बोलतात', 'आमच्याकडे सगळे उशिरा बोलले' असं म्हणत वेळ घालवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. हिचे कान ठीक निघाले. दुसरी गोष्ट, 'मी गुरुवारी याच रस्त्याने घरी जाते, आले तर चालेल का?'

ते त्यांचं सरकारी काम नव्हतं. पण त्या यायला लागल्या. लसूण सोलत बसायच्या, लेकीला पाकळ्या मोजायला द्यायच्या. डब्यांची झाकणं लावायला सांगायच्या. आणि मला म्हणायच्या, 'आता तुम्ही. विचारा, आणि मग मनात दहा आकडे मोजा. तिला बोलायला जागा द्या.' मला ते दहा आकडे फार लांब वाटायचे. पण बहुतेक वेळा आठ-नऊवर ती काहीतरी करायची. बघायची, बोट दाखवायची, आवाज काढायची.

नंतर वाचताना कळलं की याच्यावरही काम झालंय. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. आई बाळाशी खेळते आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवते. काही महिन्यांचं बाळ. ते हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच येत नाही म्हटल्यावर रडवेलं होतं आणि शेवटी तोंड फिरवतं. तो व्हिडिओ मी अर्ध्यात बंद केला होता. कारण तो कोरा चेहरा माझा होता.

पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. आई पुन्हा हसली की बाळ सावरतं. लगेच नाही, थोडं रुसून, पण सावरतं. ट्रॉनिक यांचं सांगणं हेच, की चांगल्या नात्यातही आई आणि बाळ सगळा वेळ सुरात नसतात. बहुतेक वेळ चुकामूकच असते. चुकल्यावर पुन्हा जुळवून घेण्यातूनच मूल शिकतं. हे ज्या आयांना आत्ता अपराधी वाटतंय त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतेय.

आणि जमैकातच नंतर दुसरा एक अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बघितलं की घरी सेविका येत असेल तर आईचं काय होतं? आयांची उदासी कमी झाली. जितक्या भेटी जास्त, तितका फरक जास्त. मोजक्या भेटी पुरल्या नाहीत. म्हणजे मुलासाठी म्हणून केलेला तो एक तास आईलाही मिळत होता.

डिसेंबर २०२३ मध्ये ताई यायच्या थांबल्या. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका संपावर होत्या. मागणी काय, तर मानधन वाढवा, ग्रॅच्युइटी द्या. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की यांना पगार नाही, 'मानधन' मिळतं. वजनं, रेशन, सर्वे, मोबाईल ॲपवरच्या नोंदी, पोलिओचे डोस, आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवायचं. माझ्याकडे त्या आल्या तो वेळ त्यांचा स्वतःचा होता. आणि मी इतके गुरुवार त्यांना चहापलीकडे काही विचारलंही नव्हतं.

अंगणवाडी हा शब्द आपण 'खिचडीची शाळा' असा वापरतो ना? त्यामागे आपल्याच मातीतलं केवढं काम आहे! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवत होत्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात. आसपासच्या शंख-शिंपल्या, पानं, बिया हीच साधनं. जमैकाच्या कितीतरी आधी! २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. घरभेट हे सेविकेच्या कामात लिहिलेलंच आहे. फक्त त्या तासासाठी तिच्याकडे वेळ उरत नाही.

लेक आता शाळेत जाते, भरपूर बोलते. ताईंमुळेच बोलली असं मी म्हणणार नाही. एका मुलीवरून काही सिद्ध होत नसतं, कदाचित ती तशीही बोलली असती. पण मी बोलले नसते, एवढं मला नक्की माहीत आहे.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर. खेळणं कुठलंही चालेल, वाटी-चमचासुद्धा. मुलाने काही केलं की त्याला प्रतिसाद द्या, काही विचारलं की थांबा. आणि एकटीने हे जमत नसेल तर तो तुमचा दोष नाही, जमैकातही कुणीतरी घरी यावंच लागलं होतं.

या आठवड्यात दोन कामं करा. तुमच्या भागातल्या अंगणवाडी सेविकेचं नाव माहीत करून घ्या. आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये, नात्यात कुणी नवी आई असेल तर तिच्याकडे एक तास जाऊन बसा. बाळाचं वजन विचारू नका, सल्ले देऊ नका. लसूण सोला.

काय झालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.