मुलाच्या मापाची सायकल
(शिक्षकांच्या केंद्र-संमेलनातील व्याख्यान)



नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत, मिहान प्रकल्प उभा आहे. त्याच्या विकासासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, कलकुही, दहेगाव, तेल्हारा या गावांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या. जेथे पांदण होती तेथे रुंद डांबरी रस्ते झाले आणि जड वाहने धावू लागली. वरच्या वर्गासाठी गावाबाहेर जाणाऱ्या मुलास आता हाच रस्ता पार करावा लागतो. अशा वेळी त्याची सायकल कशी आहे, हा प्रश्न केवळ पालकाच्या खरेदीचा राहत नाही. तो शिक्षकाच्याही विचाराचा होतो.

सायकलीने शिक्षण टिकते, याचा पुरावा आहे. बिहार राज्याने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास प्रारंभ केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यामुळे मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून दूर असलेल्या गावांत दिसली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्यात आले. परंतु मिळालेली सायकल मुलीच्या मापाची नसेल, तर ती घरात भिंतीला टेकून राहते आणि मुलगीही घरीच राहते.

पालक सायकल घेतात ती बहुधा सदऱ्याप्रमाणे, वाढत्या अंगाची. हेतू काटकसरीचा असतो. पण सैल सदऱ्याने कोणी पडत नाही, मोठ्या सायकलीवरून मूल पडते. वडिलांची जुनी सायकल मुलास देण्याची रीतही सर्वत्र आहे. मग मूल दांड्याखालून पाय घालून 'कैची' चालविते. पटांगणात हे कौतुकाचे असेल; मालमोटारींच्या रस्त्यावर ते जिवावरचे आहे.

मापाविषयी एक घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. मुलांच्या सायकलीचे माप चाकावरून सांगतात, तर मोठ्यांच्या काळ्या सायकलीचे माप सांगाड्यावरून. म्हणून दुकानातील '२२ इंची' सायकल ही २४ इंची चाकाच्या सायकलीपेक्षा लहान नसून बरीच मोठी असते. तिची चाके २८ इंचांची आणि दांडा ८० सेंटिमीटरपेक्षाही उंच असतो.

वय विचारून सायकल घेऊ नये. पाय मोजून घ्यावी. मुलास अनवाणी भिंतीशी उभे करावे. दोन मांड्यांमध्ये पुस्तक आडवे, वरपर्यंत धरून त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. मुलींचे माप शिक्षिकेने किंवा आईने घ्यावे. सायकलीचा दांडा या मापापेक्षा निदान ३ ते ५ सेंटिमीटर खाली असावा. पाय ७० सेंटिमीटर भरला, तर दांडा ६५ ते ६७ च्या वर नको. साधारणपणे १२० ते १३५ सेंटिमीटर उंचीच्या मुलास २० इंची, १३५ ते १५० पर्यंत २४ इंची व त्यापुढे २६ इंची चाक जुळते. तथापि कारखान्याप्रमाणे फरक पडतो, म्हणून मूल प्रत्यक्ष बसवून पाहावे.

बसल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. दुसरी, नवशिक्याचे दोन्ही चवडे जमिनीस नीट टेकावेत. तिसरी, बोटे ब्रेकपर्यंत सहज पोहोचून ब्रेक पूर्ण दाबला जावा. आज बैठक खालच्या टोकाशी ठेवून जी सायकल नीट बसते, ती बैठक वर घेत पुढेही चालते. वाढीची सोय ती हीच. मात्र दांडीवरील खुणेच्या वर बैठक कधीही ओढू नये.

प्रकाराविषयी थोडे. हा मुलूख बहुतांशी सपाट आहे. गिअरची जरुरी नाही. नाजूक गिअर काळ्या मातीच्या चिखलात अडतात आणि गावच्या दुकानात दुरुस्त होतीलच असे नाही. झुलते स्प्रिंग लावलेली सायकल दिसते ऐटदार, पण वजनाने जड होते. साधा सांगाडा, साखळीवर पूर्ण झाकण, मजबूत कॅरियर व स्टँड, आणि चिखल अडकू नये इतके चाकापासून अंतर असलेले मडगार्ड पुरे. घंटी, मागे लाल परावर्तक आणि पुढे दिवा हे अलंकार नव्हेत, गरज होय. डोक्यावर शिरस्त्राण असावे.

हे सर्व गणिताच्या एका तासिकेत बसते. मुलांनी आपले पाय मोजावेत, मापे फळ्यावर मांडावीत, सरासरी काढावी. तीच मापे एका चिठ्ठीवर लिहून पालकांकडे पाठवावी. पालक दुकानात जाईल तेव्हा त्याच्या खिशात पैशांबरोबर ती चिठ्ठी असेल, तर शाळेने आपले काम केले असे म्हणता येईल. पुढच्या वर्षी ते मूल वरच्या वर्गाच्या हजेरीपटावर दिसावे, यासाठीच हा खटाटोप आहे.