हप्त्याचे कोडे
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझी शाळा सातवीपर्यंतची, मी काय बोलणार! पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्या शिवणयंत्राची हकीकत सांगा." तीच सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी शिवणयंत्रासाठी १२,००० रुपये कर्जाऊ घेतले. देणारा म्हणाला, "व्याज महिना शेकडा एक. वर्षाचे १,४४० झाले. दरमहा १,१२० चे बारा हप्ते द्या." मी तोंडी हिशेब केला, तो जुळला. सही करून मोकळी झाले.

सगळे हप्ते फिटले. पुढे एकदा धाकटीला मी आजीचे कोडे घातले. पहिल्या दिवशी एक लाडू, दुसऱ्या दिवशी दोन, असे बाराव्या दिवशी बारा. तर एकूण लाडू किती? पोर बोटे मोजू लागली. मी म्हटले, "जोड्या लाव. एक नि बारा तेरा, दोन नि अकरा तेरा. अशा सहा जोड्या. तेरा सक अठ्ठ्याहत्तर."

बोलता बोलता हप्ते आठवले आणि काळजात चर्र झाले. दरमहा हजार रुपये मुद्दल मी फेडत होते. म्हणजे पहिल्या महिन्यात माझ्याकडे त्याचे बारा हजार, दुसऱ्यात अकरा, शेवटच्या महिन्यात एकच हजार. लाडवांचेच कोडे, फक्त उलटे! अठ्ठ्याहत्तर हजारांवर शेकडा एकने व्याज होते ७८० रुपये. मी दिले १,४४०. म्हणजे ६६० रुपये जास्त; माझ्या अकरा परकरांची शिलाई!

त्याचा गुणाकार चुकला नव्हता. पण फेडलेल्या पैशांवरही तो व्याज घेत राहिला, आणि "व्याज कशावर?" हे मी विचारलेच नाही.

म्हणून सांगते, कर्ज घेताना व्याज घटत्या मुद्दलावर आहे का, हे आधी विचारा. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे बँकांनी व वित्तसंस्थांनी खर्चासह वार्षिक दर लिहिलेले पत्रक द्यायचे असते. ते मागून घ्या, वाचा, मगच सही करा.

आणि मुलांना गणित नुसते वहीत घालू नका. वाणसामानाची यादी, दुधाचा हिशेब, भिशीची पाळी त्यांच्याकडून करून घ्या. त्यांच्याबरोबर आपलीही उजळणी होते.

आता तुम्हांला एक कोडे. चोवीस दिवस असेच लाडू वाढत गेले, तर एकूण किती? उत्तर घरी काढा. बोटे मात्र मोजायची नाहीत!