कॉम्प्युटरच्या मुलांचा ग्रुप : कशासाठी आणि कसा?

(बेळगावात संगणक शाखेच्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. कोडिंग मला येत नाही. पण माणसं एकत्र कशी येतात, कशी टिकतात आणि कशामुळं फुटतात, हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे. तुमच्या व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवरच्या ग्रुपांचं दुखणं नेमकं तेच आहे. म्हणून इथं उभी राहिले.

आधी आपल्या मुलांची वाट बघा. येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, खानापूर, कुठलंही गाव घ्या. दहावीपर्यंत मराठी शाळा. मग पीयूसीला सायन्स, ते इंग्रजीत. मग इंजिनिअरिंग नाहीतर बीसीए. वर्गात इंग्रजी, ऑफिसच्या खिडकीवर कन्नड आणि घरी मराठी. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच बेळगावात आहे. तरी पहिल्या वर्षाच्या मुलाला आपल्या भाषेत "हे मला कळलं नाही" असं म्हणायला जागा नाही. कळलं नाही हे सांगायलासुद्धा भाषा लागते की नाही? ती नसली की मुलगा गप्प बसतो, आणि लोक म्हणतात, पोरगं कच्चं आहे.

संगणकाच्या विषयात हे गप्प बसणं महागात पडतं. इतिहासात एक धडा सुटला तर पुढचा वाचता येतो. इथं पॉइंटर सुटला की लिंक्ड लिस्ट सुटते, लिंक्ड लिस्ट सुटली की ट्री सुटतो. आणि एरर येतो रात्री अकराला, तेव्हा सर कुठले?

आपण सीमाभागातले लोक हक्कांबद्दल बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण राज्यघटना उघडून बघा. कलम ३५० अ सातव्या घटनादुरुस्तीनं १९५६ मध्ये आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळावं म्हणून राज्यानं सोयी कराव्यात, असं ते सांगतं. पण कुठपर्यंत? प्राथमिक टप्प्यापर्यंत. त्यापुढं हे कलम थांबतं, आणि आपला मुलगा एकटा पडतो तो त्याच्या पुढंच. ही मधली पोकळी आज भरायची असेल तर ती विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी भरायला हवी. तुमच्या ग्रुपचं खरं काम हे आहे.

तुमच्याच क्षेत्रातलं एक उदाहरण सांगते. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं इंटरनेटवरच्या एका चर्चागटात संदेश टाकला. मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, तुम्हाला त्यात काय हवं ते सांगा, असा त्याचा आशय होता. तो लिनस टॉरवल्ड्स, आणि ती सिस्टिम म्हणजे लिनक्स. आज तुमच्या ॲन्ड्रॉइड फोनच्या गाभ्यात तीच आहे. ओळख नसलेल्या माणसांनी उत्तरं दिली, चुका दाखवल्या, कोड पाठवला, त्यातून ती वाढली.

आता या गोष्टीतला आपल्या कामाचा भाग. टॉरवल्ड्स फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्या अल्पसंख्याक समाजातला. हे लोक तिथं लोकसंख्येच्या जेमतेम पाच टक्के. पण स्वीडिश ही त्या देशाची दुसरी राष्ट्रभाषा आहे आणि तिच्यातून विद्यापीठापर्यंत शिकता येतं. चर्चागटात मात्र त्यानं इंग्रजीत लिहिलं. म्हणजे पायाखाली स्वतःच्या भाषेचा हक्क आणि समोर सगळं जग, दोन्ही एकदम. आपल्याला यातलं एक मिळालेलं नाही, त्यासाठी झगडणं चालू आहे. दुसरं मात्र खिशातल्या फोनमध्ये पडून आहे.

मग ग्रुप मरतात का? पहिल्या आठवड्यात तीनशे जण येतात. महिन्याभरात उरतात फक्त गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि परीक्षेच्या आदल्या रात्री "कुणाकडं नोट्स आहेत काय?" माझ्या विषयात यावर उत्तर आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या राज्यशास्त्रज्ञ होत्या. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सामायिक कुरण, पाटाचं पाणी, मासेमारीची जागा लोक एकत्र कशी सांभाळतात याचा त्यांनी अभ्यास केला. त्याआधी, १९६८ मध्ये, गॅरेट हार्डिन यांनी मांडलं होतं की सगळ्यांच्या मालकीची वस्तू शेवटी सगळे मिळून संपवतात. ऑस्ट्रॉमबाईंनी स्पेनमधल्या वालेंसियाच्या पाटपाण्यासारखी शतकानुशतकं टिकलेली उदाहरणं दाखवली. त्यांचं सार असं : आत कोण आणि बाहेर कोण हे ठरलेलं हवं, नियम वापरणाऱ्यांनीच करावेत, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच असावेत, आणि शिक्षा लहानापासून मोठ्याकडं जावी.

ग्रुप हे तसंच सामायिक पाणी आहे. चार नियम सुचवते.

एक, प्रश्न नीट विचारा. "कोड चालेना, हेल्प" हा प्रश्न नव्हे. काय करायचं होतं, काय लिहिलं आणि काय एरर आला, या तीन गोष्टी लिहा. स्क्रीनचा तिरका फोटो नको, कोड मजकूर म्हणून टाका. नीट विचारता विचारता अर्धं उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

दोन, आयतं उत्तर देऊ नका. असाइनमेंट जशीच्या तशी फिरवली की ती मदत राहत नाही, घेणाऱ्याचं नुकसान होतं. चूक कुठल्या ओळीत आहे ते दाखवा, दुरुस्ती त्याला करू दे.

तीन, उत्तर मराठीत द्या, पण शब्दांचा हट्ट नको. स्टॅकला स्टॅकच म्हणा, पण समजावताना म्हणा की महाप्रसादाच्या ताटांची चळत आठव, वर ठेवलेलं ताट आधी उचललं जातं. क्यू म्हणजे रेशनची रांग, आधी आला तो आधी सुटला. मग तेच इंग्रजीत लिहून दाखवा, कारण पेपर इंग्रजीत आहे आणि मुलाखतही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत, त्यांच्या लिंक ग्रुपच्या वर पिन करून ठेवा.

चार, मुलींचा विचार आधी करा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरलं की नंबर सगळ्यांना दिसतो. माझ्या गल्लीतल्या एका मुलीनं रात्री येणाऱ्या अनोळखी मेसेजना कंटाळून अभ्यासाचा ग्रुप सोडला. त्रास देणारे ग्रुपमध्येच राहिले, शिकणारी बाहेर गेली. नंबर न दाखवता चालणारी सोय डिस्कॉर्डवर आहे, टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. ॲडमिनमध्ये किमान एक मुलगी हवीच. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा काही दिवस बंदी, तिसऱ्यांदा बाहेर.

आता एक गोष्ट काहींना रुचणार नाही, तरी बोलते. या ग्रुपात कन्नड बोलणारा वर्गमित्र आला तर त्याला घ्या. पहिल्या वर्षाला बळके कन्नडचा पेपर असतो, तो त्याच्याकडून शिका. त्याचा लूप अडला तर तुम्ही सोडवा. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, आपली बाजू तिथं मांडली जाईल आणि रस्त्यावरही मांडली जाईल. पण रात्री अकराचा सेमिकोलन कुठल्या राज्याचा आहे यावर भांडण लागलं तर नापास होणारं पोर आपलंच असेल. मराठी ही त्या ग्रुपची घरची भाषा असू दे, दाराची कडी नको.

ओळखी लांबच्याही ठेवा. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नव्या संधीची बातमी बऱ्याचदा जिवलग मित्राकडून येत नाही, ती तोंडओळखीच्या माणसाकडून येते. मित्राला माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. मराठी मुलं गोव्यात आहेत, इंदूर, वडोदरा, हैदराबादेत आहेत, पुण्यात तर आहेतच. नोकरीला लागलेल्या अशा एका तरी सीनिअरला महिन्यातून एक तास ग्रुपवर बोलवा.

कडोली, उचगाव, येळ्ळूर इथं गावकरी स्वतः वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवतात. सरकारची वाट कुणी बघितली नाही, आणि संमेलन भरतं म्हणून हक्काची मागणीही कुणी सोडली नाही. तुमचा ग्रुप तसाच चालू दे. ग्रुप आहे म्हणून कॉलेजची जबाबदारी संपत नाही, की मराठी कागदपत्रांची मागणीही संपत नाही.

आज घरी गेल्यावर एकच करा. तुमच्या वर्गात जो कधीच काही विचारत नाही, त्याला ग्रुपमध्ये घ्या आणि पहिला सोपा प्रश्न तुम्ही स्वतः टाका. त्याला कळू दे, इथं विचारलेलं चालतं.

जय महाराष्ट्र!