हृदयातील कमान आणि चोरवाट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सणासुदीला कमानिया गेटाशी होणारी गर्दी आपण साऱ्यांनी पाहिली आहे. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची स्मृती जपणारी ही कमान कुणाला अडवीत नाही; तिच्या तोंडाशी गर्दी क्षणभर तुंबते आणि मग पुढे सरकते. हृदयातही अशीच एक कमान आहे. वरच्या कप्प्यांत उगम पावणारी विजेची लहर खालच्या कप्प्यांत उतरते ती एका लहानशा गाठीतून. सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने १९०६ मध्ये तिचे वर्णन केले. तेथे लहर सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळते आणि तेवढ्यात वरचे कप्पे आपले रक्त खाली रिते करतात.

काहींच्या हृदयात या कमानीला वळसा घालणारी एक चोरवाट जन्मतःच असते. मग लहर कमानीतून उतरते, चोरवाटेने वर चढते, पुन्हा कमानीत शिरते. ही प्रदक्षिणा सुरू झाली की नाडी एकाएकी मिनिटाला दीडशे-दोनशेवर जाते व तशीच एकाएकी उतरते. बहुतेकांच्या जिवाला यात धोका नसतो. परंतु वरचे कप्पे थरथरू लागले आणि तो सारा कल्लोळ चोरवाटेने न रेंगाळता खाली लोटला, तर मृत्यूही ओढवतो.

आमच्या वैद्यकीच्या आरंभीच्या वर्षांत एक नवी सून आमच्याकडे आली. छातीत पाखरू फडफडते, असे ती म्हणे. आम्ही पाहिली तेव्हा नाडी संथ. सासर नवे, गाव परके. ‘मनाला लावून घेऊ नका’ असे सांगून आम्ही झोपेच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षांनी, धडधड चालू असताना निघालेल्या ईसीजीने आमचे निदान खोटे पाडले. तोवर तिने घरात ‘नाटकी’ हे विशेषण सोसले. ते पाप आमच्या माथी आहे.

आज जांघेतील शिरेतून सुमारे दोन मिलिमीटर जाडीचे कॅथेटर हृदयात नेतात. त्याच्या टोकाने विजेचे संदेश टिपीत चोरवाट हुडकतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने नेमका तेवढाच ठिपका डागतात. छाती उघडावी लागत नाही. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मेल्विन शाइनमन यांनी हा मार्ग चोखाळला तेव्हा, गंमत अशी, की विजेच्या धक्क्याने त्यांनी कमानच बंद केली. मग पेसमेकर अपरिहार्य झाला. आता चोरवाटेचे शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्ण बरे होतात. वाट कमानीला खेटून असली तर मात्र हात फार जपावा लागतो.

हृदयविकाराच्या झटक्याचा व्रण राहून खालच्याच कप्प्यांत उठणारी धावपळ याहून घातक. तेथेही डागतात, पण यशाची तेवढी शाश्वती नसते, आणि प्रसंगी आतून विजेचा धक्का देणारे यंत्रही छातीत बसवावे लागते.

आपणांस विनंती एवढीच: अशी धडधड सुरू होताच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्यावा, सोबत घेरी आली वा छातीत दुखले, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. ईसीजीचा कागद मात्र पुष्कळदा उष्णतेने उमटलेला असतो, काही काळाने फिका पडतो. त्याची छायाप्रत त्याच दिवशी काढून ठेवावी.