चौदाचे तीस झाले



अक्षता पडल्यावर प्रमाणपत्रासाठी आपण जी नोंद करतो, ती झालेल्या लग्नाची नोंद. आज मी बोलणार आहे ते विवाह अधिकाऱ्यासमोरच लागणाऱ्या लग्नाबद्दल, म्हणजे १९५४च्या विशेष विवाह कायद्याबद्दल.

त्याचा पूर्वज १८७२चा. केशवचंद्र सेनांच्या ब्राह्मो मंडळींना मूर्तीवाचून, होमावाचून लग्न हवं होतं. सरकारनं दिलं, पण एक अट घालून. वधूवरांनी लिहून द्यायचं, की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन, कोणीच नाही. लग्न करायचं तर आधी धर्म नाकारायचा! १९२३ साली कायदेपंडित हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानं हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांची या अटीतून सुटका झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, तेव्हा हाच सुधारलेला कायदा चालू होता.

१९५४च्या कायद्यानं धर्माची अट सगळ्यांसाठीच काढली. मोठंच काम झालं. पण जुन्या कायद्यात नोटीस दिल्यापासून थांबायचं होतं चौदा दिवस. स्वतंत्र भारतानं ते तीस केले. गोऱ्या साहेबापेक्षा आपण सोळा दिवस जास्त संशयी निघालो, असं मी म्हटलं तर रागावू नका.

हे तीस दिवस कसे जातात ते पाहा. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेला हवा. मग नोटीस. ती कार्यालयाच्या फलकावर लागते, वहीत चढते, आणि ती वही कोणालाही फुकट चाळता येते. मुलगी नोकरीला पुण्यात, कायमचा पत्ता साताऱ्याचा, तर नोटिशीची प्रत साताऱ्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्याही फलकावर लागते. घरी सांगायची सोय नाही म्हणून जी या वाटेनं आली, तिचं नाव-गाव सरकारच तिच्या जिल्ह्यात लावून येतं.

हरकत मात्र कशालाही घेता येत नाही. आधीचा जोडीदार हयात आहे, मुलगा एकवीसचा किंवा मुलगी अठराची नाही, निषिद्ध नातं आहे, संमती देण्याइतकी मानसिक स्थिती नाही; एवढीच कारणं. जात, धर्म, काकांची नाराजी यांना तिथे जागा नाही. पण काकांना हरकत घ्यायचीच नसते हो! त्यांना फक्त तारीख कळायला हवी असते. खोटी हरकत घेणाऱ्याकडून विवाह अधिकारी भरपाई वसूल करू शकतो, जास्तीत जास्त हजार रुपये. १९५४ साली त्या आकड्याचा धाक असेल. आज तेवढ्यात मंगल कार्यालयातली चार पानंही धड उठत नाहीत.

न्यायालयांना हे दिसलेलं आहे. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं अशा नोटिसा घरी पाठवायला मनाई केली. जानेवारी २०२१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालय म्हणालं, जोडप्यानं लेखी मागितलं तरच नोटीस प्रसिद्ध करा. कायद्याचा मजकूर मात्र आहे तिथेच आहे.

कोणी विचारील, फलक काढला तर फसवून दुसरं लग्न करणाऱ्याला कसं अडवणार? बरं, हिंदू विवाह कायद्यानं लागणाऱ्या लग्नात कोणता फलक असतो? भटजी महिनाभर वही उघडी ठेवतात का? तिथे फसवणूक झाली तर नंतर खटला होतो. इथे तर जन्मदाखला, घटस्फोटाचा हुकूमनामा, स्वतःच्या सहीचं प्रतिज्ञापन, तीन साक्षीदार, सगळं अधिकाऱ्यापुढे येतंच. तो ते तपासू शकतो, हवं तर दोन प्रश्न जास्त विचारू शकतो. त्यासाठी सातारा जिल्ह्याला विचारायची गरज नाही.