तबकडीवरचे नाव



आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. हिप हॉप म्हणजे कर्णकर्कश गडबड, तिच्यावर तासभर बोलण्यासारखे ते काय आहे, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. मी त्या संगीताची वकिली करायला उभा नाही. मला एक प्रश्न पडला आहे आणि तो आपल्यापुढे ठेवायचा आहे. १९८२ साली न्यूयॉर्कच्या परिसरात एक तबकडी निघाली. तिचे नाव ‘द मेसेज’. तिच्यावर सर्वांत आधी आणि ठळकपणे ग्रँडमास्टर फ्लॅश हे नाव छापले होते. पण ते गीत फ्लॅशने लिहिले नव्हते, गायले नव्हते, आणि त्यातले एकही वाद्य त्याच्या हाताने वाजले नव्हते. आज मात्र जगभर तो त्या गीतामुळेच ओळखला जातो. हे कसे घडले? आणि यात अन्याय झाला असेल, तर तो कोणावर?

उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल. न्यूयॉर्कचा ब्राँक्स हा भाग १९७० च्या सुमारास उजाड होत चालला होता. १९४८ ते १९७२ या काळात त्याच्या मध्यातून एक प्रचंड महामार्ग काढण्यात आला आणि हजारो कुटुंबे उठवली गेली. घरांच्या किमती घसरल्या. विम्याच्या पैशासाठी कित्येक इमारतींना मालकांनीच आगी लावल्या. अशा वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक समारंभ भरवला. शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे, म्हणून प्रवेशाला थोडे पैसे ठेवले. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह उभा राहिला. त्यालाच कूल हर्क म्हणत. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गाण्याच्या मध्यावर सगळे सूर थांबतात आणि नुसता ताल उरतो, तेव्हा नाचणारी मुले बेभान होतात. मग तेवढाच तुकडा पुन:पुन्हा का वाजवू नये? बंधुहो, हिप हॉपचे बीज ते हेच.

जोसेफ सॅडलर त्या वेळी पंधरा वर्षांचा होता. १९५८ च्या १ जानेवारीला बार्बाडोस बेटावर त्याचा जन्म झाला, आणि वाढला तो ब्राँक्समध्ये. सॅम्युएल गॉम्पर्स तांत्रिक विद्यालयात तो विद्युत्‌यंत्रांचे शिक्षण घेत होता. हर्कची युक्ती त्याला आवडली, पण हर्क सुई अंदाजाने टेकवी आणि ताल तुटे. हे या कारागिराला खुपले. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या आणि तालाचा तुकडा कोठे सुरू होतो तेथे खडूने खूण केली. एक तबकडी वाजत असताना दुसरी बोटांनी नेमके इतके फेरे उलटी फिरवायची, की पहिलीचा तुकडा संपताच दुसरीचा त्याच क्षणी सुरू व्हावा. तबकडी हलकेच सरकावी म्हणून तिच्याखाली नमद्याची चकती घातली. पुढची तबकडी आधी आपल्याच कानात ऐकता यावी म्हणून एक कळ स्वतः जोडून बनवली. दहा सेकंदांचा ताल आता दहा मिनिटे अखंड चालू लागला. ग्रामोफोन हे तोवर ऐकण्याचे साधन होते. या मुलाने त्याचे वाद्य केले. फ्लॅश म्हणजे वीज चमकावी तसा. हे नाव त्याच्या हातांना शोभे.

परंतु मौजेची गोष्ट अशी की, हे हस्तलाघव पाहून लोक नाचायचेच थांबत! तोंड उघडे टाकून नुसते बघत उभे राहत. मैफल रंगवायला आवाज हवा, हे फ्लॅशच्या लक्षात आले. प्रथम कीथ विगिन्स ऊर्फ काउबॉय आला. मग मेल्विन ग्लोव्हर ऊर्फ मेली मेल आणि त्याचा भाऊ किड क्रिओल, त्यानंतर स्कॉर्पिओ आणि रहीम. हे पाच जण म्हणजे ‘फ्युरियस फाइव्ह’. ते यमके जुळवून तालावर बोलत, एकाचे वाक्य दुसरा पुरे करी, आणि प्रत्येक जण कवनात आपले नाव गुंफी. लावणीच्या अखेरच्या कडव्यात शाहीर आपले नाव घालतो, तो प्रकार आपल्या परिचयाचा आहेच. ज्याच्यापाशी जमीन नाही, घर नाही, त्याच्याजवळ नाव हीच एक मालमत्ता असते.

आणि १९७९ साली या मालमत्तेवरच हात पडला. न्यू जर्सीतल्या एंगलवुड गावी सिल्व्हिया रॉबिन्सन या चतुर गायिकेने शुगर हिल नावाची तबकडी कंपनी काढली होती. तिने तीन तरुण गोळा करून ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी काढली आणि ती अफाट खपली. त्या तिघांपैकी हँक हा पिझ्झाच्या दुकानात काम करीत असे. त्याने ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझची कवने उसनी घेतली, आणि ती अशी जशीच्या तशी म्हटली, की कॅझने त्यात गुंफलेली स्वतःच्या टोपणनावाची अक्षरेदेखील तशीच राहिली! लक्षावधी लोकांनी कॅझचे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. तबकडीवर मात्र ते नव्हते.

त्याच वर्षी फ्लॅश आणि मंडळींनी एन्जॉय या कंपनीसाठी ‘सुपररॅपिन’ हे गीत केले, आणि लवकरच तेही शुगर हिलकडे गेले. तेथे गेल्यावर एक विचित्र गोष्ट घडली. कंपनीजवळ पगारी वादक होते. ताल तेच वाजवीत. मग दोन तबकड्या फिरवणाऱ्या माणसाचे काम काय? ज्याच्या हातांतून ही कला निघाली, त्याचे नाव तबकडीवर पहिले आले. पण त्याचे हात मात्र ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेर राहिले. एकच अपवाद सांगतो. १९८१ सालच्या ‘व्हील्स ऑफ स्टील’ या तबकडीत फ्लॅशने तीन यंत्रांवर इतरांच्या तबकड्या फिरवून सात मिनिटांची एक स्वतंत्र रचना उभी केली. त्याचे खरे काम ऐकायचे असेल तर ते तेथे ऐकावे.

आता ‘द मेसेज’कडे येऊ. तिचा आराखडा कंपनीचा एक तालवादक एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी याने केला. विषय होता मोडकी वस्ती, उंदीर, कर्ज, तुरुंग आणि हाय खाल्लेला माणूस. फ्लॅश आणि इतर मंडळी कुरकुरली. लोक नाचायला येतात, त्यांना ही रडकथा कशाला? सिल्व्हियाबाईंनी हट्ट सोडला नाही. अखेर एकटा मेली मेल तयार झाला. शेवटचे कडवे त्याने आपल्या १९७९ च्या गीतातूनच आणले. अखेरीस रस्त्यावरचा एक छोटा संवाद आहे, तेवढा सोडला तर सारे गीत या दोघांच्या आवाजात आहे. चित्रफितीत ड्यूक बूटीच्या ओळींवर रहीमने नुसते ओठ हलवले! पण गीताने क्रांती केली. दिवाणखान्याच्या करमणुकीला त्याने गल्लीचे दुःख बोलायला लावले.

आणि त्याच यशाने घर फुटले. १९८३ साली मानधनावरून फ्लॅशने कंपनीविरुद्ध दावा लावला. किड क्रिओल आणि रहीम त्याच्याबरोबर गेले; मेली मेल, स्कॉर्पिओ आणि काउबॉय मागे राहिले. १९८७ मध्ये सारे पुन्हा एकत्र आले, १९८८ मध्ये एक संग्रह काढला, पण तोवर काळ पुढे गेला होता. १९८९ साली काउबॉय वारला. त्याला तिशीही गाठता आली नाही. मानसन्मान नंतर आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहासाठी २००२ साली निवडलेल्या पहिल्या पन्नास मुद्रणांत ‘द मेसेज’ होते, आणि २००७ साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये प्रवेश मिळालेला पहिला हिप हॉप संघ हाच.

आता न्याय कसा करायचा? कंपनीला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण सिल्व्हियाबाईंचा हट्ट नसता, तर हे गीत जन्मालाच आले नसते, हे कबूल केले पाहिजे. फ्लॅशला ते नको होते. कीर्ती मात्र त्याला मिळाली. ड्यूक बूटीने ते घडवले, तो पुढे अध्यापक झाला आणि २०२१ साली गेला. त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? म्हणजे फ्लॅशवर अन्याय झाला आणि फ्लॅशच्या नावामुळे दुसऱ्यावरही झाला. मला वाटते, याचे मूळ कोणा एकाच्या दुष्टपणात नाही. ही कला अंगणात होती तोवर काम आणि नाव एकाच देहात राहत होते. हात डोळ्यांपुढे दिसत, आवाज समोरून येई, फसवणुकीला जागा नव्हती. तबकडी निघाली आणि काम एकीकडे, नाव दुसरीकडे झाले. मधल्या फटीत कागद आला, करार आला. त्या मुलांना यमके येत होती, करारनामा वाचता येत नव्हता.

आज हे संगीत आपल्या दारातही आले आहे. मुंबईत, धारावीत मुले आपल्या वस्तीचे सुखदुःख तालावर बोलतात, मराठीतूनही बोलतात. ती आपल्याला आवडोत वा न आवडोत, त्यांना एक गोष्ट सांगण्याचे काम आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांचे आहे. बाबांनो, कवनात नाव गुंफा, जरूर गुंफा. पण सही करण्यापूर्वी कागद वाचा. आणि आपण श्रोत्यांनी एवढे करावे, गीत आवडले की ते कोणाच्या हातचे आहे, हे एकदा विचारावे.