ब्रश करताना रक्त येतंय? ब्रश थांबवू नका

आज कोडिंग नाही, हिरड्या. हसू नका, यात माझा दीड वर्षाचा गाढवपणा आहे.

झालं असं, की ब्रश करताना बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसायला लागला. खालची डावीकडची दाढ. मी काय केलं? तिथे ब्रश लावणंच बंद केलं. फेस पांढरा झाला, मला वाटलं प्रश्न सुटला. टेस्ट फेल होतेय म्हणून कुणी टेस्टच कमेंट करून टाकली असती, तर ऑफिसात मी त्याला झापलं असतं! मग एकदा पेरू खाताना पेरूवरच लाल डाग दिसला आणि डेंटिस्टकडे गेलो.

बहुतेक वेळा दोष ब्रशचा नसतो. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे जंतूंचा चिकट थर बसतो, तो प्लाक. तो रोज निघाला नाही की हिरडी सुजते आणि जरा धक्का लागला तरी रक्त येतं. थर कडक झाला की त्याचं कीटण होतं. ते कितीही घासलं तरी निघत नाही, स्केलिंगच करावं लागतं. "त्याने दात हलतात," असं माझी आत्या ठामपणे सांगते. तसं नाहीये. कीटण निघालं की फटी मोकळ्या होतात, म्हणून तसं वाटतं.

डॉक्टरांनी बारीक मोजपट्टी घालून दाखवलं. निरोगी हिरडीची खाच 3 मिलिमीटरपर्यंत असते, माझी त्या दाढेपाशी 5. सूज उतरेल, म्हणाले, पण झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. घामच फुटला.

आता मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका, हलक्या हाताने, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. मधल्या फटींसाठी फ्लॉस. सुरुवातीला रक्त येतच होतं, तरी सोडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात कमी झालं.

टपरीवाल्या मित्रांनो, सिगारेटमुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आजार आत झाकला जातो. म्हणजे लॉगच बंद!

दोन आठवडे नीट घासूनही थांबलं नाही, तर डेंटिस्टकडे जा, शुगरही तपासा. डायबेटिस असेल तर हिरड्या लवकर बिघडतात. गरोदरपणातही सूज वाढते. घरी कुणाला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

माझं पुढचं चेकअप 3 महिन्यांनी. 5 चे 4 झाले का, ते सांगतोच.